सोटा आडवा पडला की

टक्.

दगडावर लोखंड टेकलं की होतो ना, तो आवाज. फार वर्षांपूर्वी एका लोहाराच्या दारात मी तो पहिल्यांदा ऐकला. लोहारानं माझ्या टोकाला लोखंडाची टोपी ठोकली, मला फरशीवर आपटून पाहिलं आणि समोरच्या तरुणाला म्हणाला, "घे. हा तुझ्याआधी म्हातारा व्हायचा नाही."

तेव्हापासून मी सोटा आहे. त्याआधी झाडाची फांदी होतो, पण त्या दिवसांतलं वारा सोडून मला काही आठवत नाही.

सोटा म्हटलं की माणसांना मारामारी आठवते. मी जन्मात कुणाला मारलं नाही. एका शेळीनं पाहुण्याची टोपी खाल्ली, तेव्हा तिला नुसता दाखवला गेलो होतो. तीही घाबरली नाही.

तो तरुण वाटाड्या होता. शहरातून आलेल्या माणसांना तो उंचावरचे रंगीत डोंगर दाखवायला न्यायचा. चार दिवसांची चढण, मग एक खिंड आणि खिंडीपलीकडे ते डोंगर. एकाच उतारावर विटकरी, हळदी, शेवाळी पट्टे. कुणीतरी धुतलेल्या चादरी वाळत घालून विसरून गेलंय, असं वाटायचं. पायथ्याशी दोन तळी, एक मोरपंखी आणि दुसरं दुधात नीळ सांडल्यासारखं. माणसं तिथं पोचली की आधी गप्प व्हायची. मग त्या डोंगरांकडे पाठ करून उभी राहायची आणि स्वतःचे फोटो काढायची. एवढं चालून पाठ का करतात, हे मला अजून उमगलेलं नाही.

खिंडीत हवा विरळ असते. तिथं वाटाड्या प्रत्येकाचे ओठ बघायचा, नखं बघायचा, सरळ रेषेत दहा पावलं चालायला लावायचा. एखाद्याची नखं निळी दिसली, कुणाचं पाऊल वाकडं पडलं, की तो मला वाटेवर आडवा ठेवायचा आणि शेजारी बसायचा. सोटा आडवा पडला की सगळ्यांनी मागं फिरायचं, हा त्याचा नियम. मला ओलांडून कुणी जात नसे.

माणसं चिडायची, हातापाया पडायची. एकदा एकजण म्हणाला, "अहो, मी स्वतः डॉक्टर आहे!"

"मग तुम्हाला लवकर पटेल," वाटाड्या म्हणाला आणि त्यानं चहाचं भांडं काढलं.

त्याचा धाकटा भाऊ रांगेच्या शेवटी असायचा. दमलेल्यांच्या पिशव्या त्याच्याच खांद्यावर. वाटाड्या पुढून ओरडायचा, "मागचे कसे आहेत रे?" की धाकटा ओरडायचा, "सगळे ठणठणीत, दादा!" त्याची नखं मात्र कुणी बघत नसे. तोच हसून म्हणायचा, "मी शेपूट. शेपटाला कोण विचारतंय?" पाहुणेही हसायचे.

एका वर्षी हंगामातली शेवटची फेरी होती. पाहुणे नऊ. धाकट्याला तीन दिवस खोकला होता. वाटाड्याची बायको निघताना त्याला म्हणाली होती, "भावोजी, या खेपेला राहा की घरी." तर तो म्हणाला, "वहिनी, मी राहिलो तर दादाच्या मागं कोण ओरडणार?"

खिंडीत वाटाड्यानं नऊजणांची नखं पाहिली. सगळी गुलाबी. आभाळ निरभ्र. त्यानं विचारलं, "मागचे कसे आहेत रे?"

उत्तर आलं, पण उशिरा आलं.

"सगळे ठणठणीत, दादा."

वाटाड्याची बोटं माझ्यावर आवळली. मला अजून आठवतं, त्यानं मला हातभर उचललं होतं. आडवा ठेवणार, असं मला वाटलं. मग त्यानं त्या नऊ हसऱ्या तोंडांकडे पाहिलं आणि मला पुन्हा उभं टेकवलं. टक्. आणि आम्ही पुढे गेलो.

मला हात नाहीत, पाय नाहीत. पण त्या क्षणी त्याच्या मुठीतून निसटून मला आपणहून पडता आलं असतं, तर आज मी तुमच्याशी बोलत बसलो नसतो.

तळ्याकाठी धाकटा पिशवीला टेकून बसला. ज्या पाण्यात त्यानं शंभर वेळा तोंड धुतलं होतं, त्याच्याकडे बघत म्हणाला, "दादा, हे तळं कुठलं रे?"

वाटाड्यानं त्याचा हात हातात घेतला आणि पहिल्यांदा त्याची नखं पाहिली.

त्यानं भावाला पाठीवर घेतलं. एका हातानं त्याला धरलेलं, दुसऱ्या हातात मी. खिंड चढून परत उतरायचं होतं. पाहुणे मागून येत होते. वाटाड्या दर दहा पावलांनी विचारायचा, "मागचे कसे आहेत रे?" आणि पाठीवरून आवाज यायचा, "ठणठणीत." मग नुसता हुंकार यायला लागला. खिंडीच्या जरा खाली ते ओझं एकदम जड झालं. वाटाड्याला कळलं. मलाही कळलं, कारण त्या दोघांचा भार माझ्यावर होता.

तरी तो घरापर्यंत विचारत राहिला.

त्यानंतर तो वर गेला नाही. खालच्या गोदामात बसून तंबू शिवायचं, चेनी बसवायचं काम धरलं. मी दारामागच्या कोपऱ्यात उभा राहिलो. वाटाड्याच्या बायकोनं माझ्या डोक्याला फडकं बांधलं आणि मी जळमटं काढू लागलो. ज्यानं डोंगर पाहिले त्यानं छत पाहावं, त्यात वाईट काही नाही. पण रोज त्या घरातली माणसं माझ्यासमोरून जायची, आणि ज्या हातात मी घासून गुळगुळीत झालो, तो हात एकदाही माझ्याकडे आला नाही. जाता येता तो मान दुसरीकडे वळवायचा.

धाकटा गेला तेव्हा वाटाड्याची लेक चार वर्षांची होती. ती मोठी झाली आणि बापाच्याच वाटेनं गेली. आता खिंडीपलीकडे माणसं तीच नेते. तिच्याकडे चकचकीत, दुमडणाऱ्या काठ्या आहेत. मी काही दुमडत नाही. एकदा तिनं विचारलं होतं, "बाबा, तुमचा तो डोंगरावरचा सोटा मला द्या ना."

"तो जळमटं काढायला आहे," एवढंच तो म्हणाला.

आज सकाळी ती निघत होती. तीन दिवसांपासून ती नळ सोडून खोकत होती, पाण्याच्या आवाजात कळू नये म्हणून. मला दारामागून कळत होतं. बाहेर पायरीवर बसलेल्या तिच्या म्हाताऱ्या बापालाही कळत असणार. तिनं बुटाची नाडी बांधली, सोडली, परत बांधली, आणि कपाळ दाबून जराशी बसली.

वाटाड्या उठून आत आला. दारामागं हात घातला. सतरा वर्षांनी तो हात. फार मऊ झाला होता. त्यानं माझ्या डोक्याचं फडकं सोडलं आणि मला उंबरठ्यावर आडवं ठेवलं.

"बाबा, अकराजण खाली थांबलेत."

"थांबू देत."

"साधा खोकला आहे हो."

"त्यालाही साधाच होता." तो खाली बसला. "नखं दाखव."

तिनं हात खिशात घातले. आतून आईनं विचारलं, "काय चाललंय सकाळी सकाळी?" लेकीनं पाठीवर पिशवी चढवली, पाय उचलला. तिच्या बुटाची सावली माझ्यावर आली.

तुम्ही कधी उंच जाल, तर एवढं ऐका. कुणी वाटेत काठी आडवी ठेवली तर मागं फिरा. डोंगर कुठं जात नाहीत. आणि सगळ्यांची खुशाली मागून ओरडून सांगणारा जो असतो, त्याचीही नखं एकदा बघा.

ती सावली किती वेळ होती, मला सांगता येणार नाही. मग ती मागं सरकली. लेक खाली बसली. तिनं पिशवी उतरवली, खिशातून हात काढले आणि बापापुढं धरले. त्यानं ते बराच वेळ धरून ठेवले, एकेक नख बघत.

नंतर तो उठला. मला वाटलं, आता तो मला उचलेल. त्यानं माझ्याकडे पाहिलं, सतरा वर्षांत पहिल्यांदा. मग तो वळला, आणि मला ओलांडावं लागू नये म्हणून मागच्या दारानं, खाली थांबलेल्या अकराजणांना सांगायला निघून गेला.