झीज

सोनाराने बांगड्या मुशीत ठेवल्या आणि चिमट्याने पुन्हा बाहेर काढल्या. सकाळपासून हे तिसऱ्यांदा.

समोरच्या स्टुलावर बसलेल्या बायकोला हसू आलं. घराच्या अकरा पायऱ्या उतरून खाली दुकानात यायला तिला तीनदा बसावं लागलं होतं.

"मोडवत नाही ना?"

"मोडतोच आहे."

"गिऱ्हाइकांना चाळीस वर्षं सांगताय, मोडतो तो घाट, सोनं नाही. आता घरच्या बांगड्या आल्या तर लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!"

डॉक्टरांनी महिना-दोन महिने सांगितले होते. या बांगड्यांचे नातीसाठी डूल व्हावेत आणि ते आपल्या हाताने तिच्या कानात घालावेत, एवढंच तिला हवं होतं. त्याला मात्र वाटे, बांगड्या शाबूत आहेत तोवर हीसुद्धा आहे. असलं खूळ घेऊन येणाऱ्या कितीतरी माणसांची त्याने याच दुकानात समजूत घातली होती.

त्याच्या दुकानाची एक रीत होती. दागिना मोडण्याआधी ज्याचा त्याने एकदा अंगावर घालायचा, मग वजन. त्याने बांगड्या तिच्या हातात घातल्या. तिने हात उचलला तशा त्या थेट कोपरापर्यंत घरंगळल्या. त्याने त्या उतरवून तराजूत ठेवल्या. दोघंही तराजूकडे बघत राहिली.

"दीड ग्रॅम कमी भरतात," तो म्हणाला.

"माझ्यासारख्याच वाळल्या म्हणायच्या."

"झिजल्या. मीच घडवल्यात, वजन पाठ आहे मला."

"मग दीड ग्रॅम गेलं कुठे?"

"जातंय कुठे! ओट्याला लागलं, बादलीच्या कडीला लागलं. पोरीला थोपटून निजवायचीस, तिच्या झबल्याला. माझ्या..."

झोपेत तिचा हात त्याच्या छातीवर असायचा.

"म्हणजे घरभर आहे," ती हळूच म्हणाली.

त्याने ज्योत पेटवली. दोन्ही बांगड्या लाल झाल्या, बसल्या आणि त्यांचा एकच थरथरता मणी झाला.

"आता यात डाव्या हातातली कोणती?" तिने विचारलं.

दुपारी लेकीने वरचं घर झाडलं. दुकानातला केर सोनार कधीच टाकत नसे. त्यात सोन्याचे कण असतात म्हणून तो डब्यात साठवी. घरातला केर मात्र रोज बाहेर जाई. आज त्याने लेकीच्या हातून सुपली घेतली आणि तो दारातच थांबला.

"बाबा, काय हरवलंय?"

"काही नाही. एक डबा दे रिकामा."

खाटेवरून बायको बघत होती. तिला सगळं उमगलं आणि फार माया आली त्याची.

"अहो, टाका तो."

"असू दे गं थोडा."

"टाका म्हणते ना. दाराबाहेर काय मी नाही?"

 तो अकरा पायऱ्या उतरून खाली गेला, रिकामी सुपली घेऊन वर आला आणि तिच्याजवळ बसला. तिचं मोकळं मनगट त्याने दोन्ही हातांत धरलं.

"टाकलात?"

"टाकला."

"गेला?"

"जातोय कुठे," तो म्हणाला.