अण्णासोंचा कान

“आता समद्यांनी कानातलं काढा,” अण्णासो म्हणाले, “आन दोन मिनटं गप बसा.”

खोलीतल्या सहा मुलींनी हेडफोन उतरवून गळ्यात घेतले. राजारामपुरीतल्या एका दुकानाच्या माडीवर ही खोली होती. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी बोलून ठेवलेले पेशंटांचे रिपोर्ट ऐकायचे आणि जसेच्या तसे टाइप करायचे, हा इथला धंदा. कोपऱ्यात प्लायवूडच्या कपाटात मोठा कॉम्प्युटर होता. तो तापू नये म्हणून त्याच्या पाठीला चार पंखे होते, आणि ते दिवसभर घरघरत. कपाटाला खेटून जे टेबल होते ते अक्षताचे, म्हणजे अण्णासोंच्या मुलीचे.

या घरघरीनेच अक्षतावर नोकरी जायची पाळी आणली होती. डॉक्टर पुटपुटत बोलायचे, त्यात ही घरघर. दोन महिन्यांत तिच्या तीन चुका निघाल्या. तिसरी मोठी होती. औषध पंधरा मिलिग्रॅम सांगितलेले, तिने पन्नास ऐकले. तिकडून पत्र आले तेव्हा मालक पृथ्वीराज तिला म्हणाला होता, “हा महिना बघतो. फुडं मला न्हाय जमायचं.” जागा बदलून मागितली तर दुसरे टेबल नव्हते.

त्याच आठवड्यात तिने इंटरनेटवरचा एक कागद छापून घरी आणला आणि जेवताना वडिलांना मोठ्याने वाचून दाखवला.

“आप्पा, परदेशात म्हणे पंख्याच्या आवाजावर तसलाच उलटा आवाज सोडत्यात. मग दोन्ही मरत्यात.”

अण्णासो हसले होते. “त्यात काय नवं हाय? स्पीकरच्या दोन पेट्या मांडल्या आन एकीची तार उलटी जोडली की खर्ज मरतोय. एकीचा कागदी कोन फुडं येतोय तवा दुसरीचा मागं जातोय. हवा जाग्यावरच ऱ्हातीय.”

अण्णासो समुद्रे सव्वीस वर्षे स्पीकर दुरुस्त करत होते. लक्ष्मीपुरीत जिन्याखाली त्यांचे दुकान होते. भीमजयंती असो, गणपती असो, तालमीचा कार्यक्रम असो, पेटी आधी त्यांच्यापुढे यायची. ते मीटर शेवटी लावत. आधी स्पीकरला कान लावायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, कॉईल घासतीय, कागद फाटलाय, जोड सैल झालाय. अण्णासोंनी पेटी पास केली की पुन्हा कुणी विचारायचे नाही. “अण्णासोंचा कान हाय,” एवढे म्हटले की विषय संपायचा.

आता त्यांनी कपाटाच्या पाठीला पत्र्याची चौकोनी नळी बसवली होती, म्हणजे सगळी घरघर एकाच वाटेने बाहेर पडावी. नळीच्या आत मसुरीएवढा माइक, तोंडाशी छोटा स्पीकर, मध्ये त्यांनी स्वतः जुळवलेला अ‍ॅम्प्लिफायर. माइकने पंखा ऐकायचा आणि स्पीकरने तोच आवाज उलटा करून सोडायचा. अकरा दिवस ते याच कामात होते. त्या दिवसांत दुकानात आलेल्या दोन पेट्याही त्यांनी परत पाठवल्या होत्या.

पृथ्वीराज दारात हाताची घडी घालून उभा होता. अण्णासोंनी बटण हळूहळू फिरवायला सुरुवात केली.

घरघर आधी जाड होती. मग पाणी ओसरावे तशी ती खाली गेली. आणखी थोडे फिरवल्यावर राहिलेली धूसर गुणगुणही गेली. अण्णासोंनी श्वास रोखला. चारही पंखे फिरताना दिसत होते आणि खोलीत आवाज म्हणून नव्हता. इतक्या वर्षांच्या कामात त्यांनी आवाज मोठा करून दिला होता. आवाज नाहीसा आज पहिल्यांदा केला होता. ते हसून मुलींकडे वळले.

“बघा. गेला का न्हाय?”

वर्षाराणी नावाच्या मुलीने दोन्ही कानांत बोटे घातली होती. तिच्या पलीकडची टेबलावर डोके दाबून बसली होती. पोरींना खरे वाटत नसेल, असे अण्णासोंना वाटले. त्यांनी बटण आणखी थोडे फिरवले. पृथ्वीराज तोंड कसनुसे करून पुढे धावला. त्याच्या आधी अक्षता उठली आणि तिने भिंतीतली पिन उपटली.

घरघर परत आली.

“का गं काढलंस?”

अक्षता पिन हातात घेऊन पृथ्वीराजकडे बघू लागली. पृथ्वीराजच बोलला. “काका, शिट्टी वाजालीय कवाधरनं. कान फुटायची पाळी आली. तुमास्नी ऐकू येईना व्हय?”

“कसली शिट्टी?”

एक मुलगी फिस्सकन हसली आणि अक्षताचा चेहरा बघून गप्प झाली. अण्णासोंनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिले. मग वाकून माइक काढला, तारा गुंडाळल्या आणि पत्र्याची नळी काखेत घेऊन जिना उतरले.

अक्षता त्यांच्या पाठोपाठ निघाली आणि दोघे सिद्धार्थनगरात घरी पोहोचले. घरात आल्यावर अक्षताने मनगटावरचे घड्याळ सोडले. काट्यांचे नव्हते, आकड्यांचे होते. तिने त्याच्या गजराचे बटण दाबून ठेवले.

“आप्पा, ऐकू येतंय?”

“काय?”

ती जवळ आली. घड्याळ त्यांच्या उजव्या कानाला लावले, मग डाव्या.

“आता?”

“तू दाबलंयस तरी का?”

चुलीपुढून बनाबाईंनी, अक्षताच्या आईने, मान वर केली. “पुरं कर गं,” त्या म्हणाल्या. “मला हितनं ऐकू यायलंय.”

अण्णासो बायकोकडे वळले. “तुला म्हाईत हुतं?”

“व्हय.”

“कवापासनं?”

“लई वर्सं झाली. दुधवाल्याची घंटी वाजायची, तुमी जाग्यावर बसून. पोरगी बारीक आवाजात बोलली की माझ्या तोंडाकडं बघायचा.”

“मग बोलली का न्हाईस?”

“बोलून काय केलं असतासा? दुसरा धंदा येतोय का तुमास्नी?”

त्या भाकरी थापू लागल्या. अण्णासोंनी अ‍ॅम्प्लिफायर मांडीवर घेतला आणि बराच वेळ त्यातल्या जोडांकडे पाहिले. शिट्टी का वाजली हे त्यांना आता कळत होते. स्पीकरचाच आवाज माइकमध्ये शिरून फिरत होता. “एक कंडेन्सर घातला असता की थांबली असती,” ते म्हणाले. “वरचा आवाज तिथंच अडला असता. एक कंडेन्सर, बस्स.” पण त्यासाठी शिट्टी ऐकू यायला हवी होती. आणि पृथ्वीराजने दुसऱ्याच दिवशी अक्षताला सांगितले, वडिलांना पुन्हा आणू नकोस. महिना संपल्यावर तिलाही येऊ नको म्हणाला. ती कोर्टासमोर एका वकिलाच्या हाताखाली टायपिंगला लागली. तिथे काही ऐकावे लागत नव्हते, समोर कागद असायचा.

सरकारी दवाखान्यात तिनेच त्यांना नेले. डॉक्टरीणबाईंनी आलेख समोर धरला. डावीकडून रेघ सरळ येत होती आणि अर्ध्या वाटेवर एकदम खाली कोसळली होती.

“जाड आवाज तुम्हाला चांगले येतात,” त्या म्हणाल्या. “बारीक गेलेत. मोठ्या आवाजात काम केलंत ना? पेट्यांपुढे उभं राहून?”

“कवा गेलं असंल?”

“नक्की सांगता येणार नाही. दहा-बारा वर्षं तरी झाली असतील. मशीन लावून थोडा फरक पडेल, पण गेलेलं परत येत नाही.”

त्या दिवसापासून अण्णासो दुकानात बसून नुसते आठवत राहिले. दहा-बारा वर्षांत त्यांनी किती पेट्या पास केल्या होत्या. आपल्या कानाला गोड लागेपर्यंत वरचा आवाज चढवायचा, ही त्यांची पद्धत. लोकांना तो कसा लागला असेल? अलीकडे गिऱ्हाईक पुढच्या गल्लीतल्या ज्ञानू मिस्त्रीकडे का वळले होते, याचा अर्थ लागत होता. गेलेल्या गिऱ्हाइकांचे त्यांना फारसे वाटले नाही. पण एक माणूस डोळ्यांपुढून हलेना.

शहाण्णव सालच्या जयंतीला कुरुंदवाडचा केरबा गायला आला होता. भीमगीते म्हणणारा. पन्नाशीतला माणूस, आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडचे लोक अंथरूण सोडून यायचे. माइकवर पहिली ओळ म्हणून तो थांबला आणि म्हणाला, “अण्णासो, पेटी टोचतीया. वरचा आवाज चिरतोय बघा.” अण्णासोंनी पेटीला कान लावला होता. डोळे मिटले होते. आणि सगळ्या गायनपार्टीसमोर म्हणाले होते, “पेटी सोन्यासारखी हाय, केरबा. तुझा गळाच चिरकाय लागलाय. वय झालं.”

लोक हसले होते. केरबाने त्या दिवशी दोनच गाणी म्हटली. पुढच्या वर्षी तो आला नाही. गायचे सोडले, असे कुणीतरी सांगितले तेव्हा अण्णासो म्हणाले होते, “बरं केलं. वेळेवर सोडलं.”

एका रविवारी ते एसटीने कुरुंदवाडला गेले. बनाबाईंना फक्त “जाऊन येतो” म्हणाले. केरबाचे घर विचारत विचारत सापडले. तो दुधाच्या संस्थेत कॅन धुवायच्या कामाला होता आणि नुकताच घरी येऊन ओसरीवर टेकला होता. उंबऱ्याशी त्याची बायको शालूबाई शेंगा फोडत बसली होती.

“या, पावणं,” केरबा म्हणाला. मग त्याने ओळखले. “अण्णासो? बसा की.”

पाणी आले. अण्णासोंनी तांब्या खाली ठेवला आणि सरळ विषयाला हात घातला, कारण वाटेत जुळवलेले सगळे शब्द त्यांना आता आठवत नव्हते.

“केरबा, माझा कान गेलाय. डॉक्टरनं सांगितलं, लई वर्सं झाली. त्या जयंतीला पेटी खरंच चिरत हुती. तुझा गळा चांगला हुता. मला ऐकू आलं न्हाय आन म्या तुला बोललो.”

शालूबाईंचे हात थांबले. केरबाने नजर अंगणाकडे वळवली.

“आठ वर्सं झाली,” तो म्हणाला.

“व्हय.”

“मी घरात सुदीक गुणगुणलो न्हाय. म्हटलं, अण्णासोंनी सांगितलंय म्हंजे असणार. तुमच्या कानावर कोण बोलणार हुतं?”

“म्हणून तर आलो.”

“आता येऊन काय करणार?”

 केरबा रागावला असता तर अण्णासोंना बरे वाटले असते. त्याने तंबाखू काढली, मळली आणि पुन्हा चंचीत टाकून ठेवली.

“एक गाणं म्हणून बघू का?” तो म्हणाला.

त्याने मांडी घातली. एक हात कानामागे नेला, दुसरा गुडघ्यावर ठेवला, आणि सुरुवात केली. अण्णासो पुढे सरकून ऐकू लागले. चाल कळत होती. ओळ वर जाताना, खाली येताना कळत होती. शब्दांच्या कडा मात्र लागत नव्हत्या, आणि आवाजाला धार आहे की ओरखडे आहेत, ते काही केल्या समजेना. केरबाच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. ओळ वर चढली, तिथे तो मध्येच थांबला, खाकरला आणि पुन्हा तिथूनच उचलून धरली.

अण्णासोंनी शालूबाईंकडे पाहिले. त्या डोळे मोठे करून नवऱ्याकडे बघत होत्या. दुसऱ्यांदा ओळ वर चढली तेव्हा त्यांनी नजर खाली घातली, मांडीवरची टरफले उगीचच हाताने सारखी केली आणि मग एक शेंग उचलली.

गाणे संपले. केरबा धापा टाकत होता. तो अण्णासोंकडे वळला. साठीच्या माणसाचा चेहरा एखाद्या परीक्षेला बसल्यासारखा दिसत होता.

“कसा लागला?”

अण्णासोंच्या तोंडाशी शब्द आला होता. चांगला लागला म्हणणे सोपे होते, आणि त्यांच्या तोंडून आले तर केरबाने ते आजही खरे मानले असते.

“मला न्हाय कळलं, केरबा,” ते म्हणाले.

केरबाने मान हलवली. शालूबाई शेंगा फोडत राहिल्या. त्यांच्या बोटांत टरफले फुटताना अण्णासोंना नुसती दिसत होती.