वरची तार

ठकुबाईच्या बांधावर जांभळाची तीन झाडं होती. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा झाडं होती, तारा नव्हत्या. तारा मागनं आल्या. आधी गावाची लाइन, खालून गेलेली. मग पलीकडच्या माळावर कंपन्या उठल्या, तसे उंच खांब उभे राहिले आणि दुसरी लाइन वरच्या वर थेट कंपनीत गेली. खांब रोवताना कुणी तिला विचारलं नव्हतं, आणि दरसाल पावसाळ्याच्या तोंडावर फांद्या तोडायला येणारी माणसंही विचारत नसत. मागल्या साली ती चाकणला बाजाराला गेली होती. परत येऊन बघते तर बांधावरच्या आंब्याचा नुसता खुंट उरलेला. लाकूडसुद्धा पिकअपमध्ये भरून नेलं होतं.

म्हणून यंदा मे महिन्यातल्या त्या गुरुवारी ठेकेदाराची गाडी बांधाशी थांबली, तशी ती हातातलं खुरपं टाकून धावत गेली आणि मधल्या जांभळाच्या बुडाशी फतकल मारून बसली.

"मावशी, उठा. काम करू द्या," विक्की म्हणाला. तो ठेकेदाराचा सुपरवायझर. डोळ्यावर काळा चष्मा, कानाला फोन. त्याच्यामागे चार माणसं दोर, कोयते आणि लाकूड कापायचं मशीन उतरवत होती.

"काय काम?"

"झाडं लाइनला लागतात. बुडातून काढून टाकतो. म्हणजे दरवर्षीची कटकट नको, तुम्हालाही नको, आम्हालाही नको."

"मला कटकट न्हाई व्हत. फांद्या काढा, बुंध्याला हात लावायचा न्हाई. जमीन माझी हाय."

"तार तुमची आहे का?"

"तार नंतर आलीया. झाड आधी व्हतं."

विक्कीने कपाळाला हात लावला. अजून पुढच्या दोन शिवारांतलं काम त्याला त्याच दिवशी उरकायचं होतं. त्याने मशीनवाल्याला खूण केली. मशीन घरघरलं, तरी ठकुबाई हलली नाही. उलट तिने बुंध्याला पाठ टेकवली. तेव्हा दोर खांद्यावर घेतलेला एक सडपातळ माणूस पुढं आला. तिशीच्या आतबाहेरचा असेल.

"साहेब, म्हातारीशी काहून भांडायलात? वर चढून फांद्या काढतो मी. तासाभराचं काम हाय."

"गण्या, तासभर तुझा जाईल, माझा दिवस जाईल," विक्की करवादला. पण मग त्याने घड्याळ पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं आणि हात झटकले. "चढ. लवकर कर."

आपलं नाव गणराज, असं त्याने ठकुबाईला सांगितलं. गंगाखेडकडचा, परभणी जिल्ह्यातला. चढायच्या आधी त्याने ठकुबाईकडे पाणी मागितलं. तिने खोपटातली कळशीच आणून दिली. तो वरून ओतून घटाघटा पाणी प्याला, उरलेलं त्याने मानेवर घेतलं.

"आमच्याकडं बी जांभूळ होतं, मावशी. शाळेच्या मागं. लई पडलो त्याच्यावरनं."

"मंग जपून चढ. जांभळीची फांदी कडकन मोडती."

"म्हाईत हाय."

"बायका-पोरं हितंच हायेत का?"

"हायेत ना. वर्षाली, बायको माझी, कंपनीच्या कँटीनला चपात्या लाटती. पोरगी हाय एक, लहान." एवढं सांगताना तो हसला. चपला काढून त्याने बुंध्याशी नीट जोडून ठेवल्या.

त्याच्या कमरेला पट्टा नव्हता. हातमोजा एकाच हातात होता, तोही सुती. ठकुबाईला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तारांकडे बघून तिने विक्कीला विचारलं, "लाइट बंद हाय न्हवं?"

"शटडाऊन घेतलाय. आज गुरुवार, लाइट बंद असायचाच वार. तुमची मोटर चालू आहे का सांगा?"

मोटर बंदच होती. सकाळपासून गावात लाइट नव्हती. ठकुबाईची खात्री पटली. ती उठून बाजूला झाली.

गणराजने खालच्या फांद्या भराभर उतरवल्या. खालच्या तारेवर दोन डहाळ्या पडल्या, लोंबकळल्या, काही झालं नाही. ते पाहून खालची माणसंही सैल झाली, एकाने तंबाखू मळायला घेतली. गणराज आणखी वर सरकला. शेंड्याची एक लांब फांदी कंपनीच्या लाइनकडे झुकलेली होती. त्याने एका हाताने ती धरली आणि दुसऱ्या हाताने कोयता घातला. फांदी पुरती तुटली नाही. मोडली, कलली आणि वरच्या तारेला जाऊन टेकली.

गावाची लाइन बंद होती. कंपनीची नव्हती. कंपनीला गुरुवार नसतो.

एकदा मोठा आवाज झाला, फटाक्याची माळ एका दमात फुटावी तसा. मग काहीच नाही. गणराज फांद्यांच्या बेचक्यात अडकून राहिला, मान खाली. त्याच्या हातातला कोयता खाली ढेकळांत येऊन पडला. जळक्याचा वास आला. ठकुबाई जिथं होती तिथं खाली बसली. उरलेल्या तिघांतले दोघे झाडाकडे धावले, तिसऱ्याने त्यांना मागं खेचलं. "हात लावू नका! चालू आहे! वरची चालू आहे!"

विक्की फोनवर ओरडत होता. वरची लाइन बंद व्हायला किती वेळ गेला ते ठकुबाईला कळलं नाही. तिला एवढंच आठवतं की तेवढा सगळा वेळ तो माणूस तिच्या झाडावर होता आणि खाली उभं राहून सगळेजण त्याच्याकडे बघत होते. मग त्याच दोराने त्याला खाली घेतलं, फांद्यांनी भरलेल्या पिकअपमधल्या फांद्या उपसून फेकल्या आणि त्याला आत घातलं. गाडी गेली. चपला तिथंच राहिल्या.

दवाखान्यात पोचायच्या आधीच तो गेला होता. संध्याकाळी माऊलीने, तिच्या मुलाने, ती बातमी आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उद्धवराव स्वतः आले. ठेका त्यांचा. पांढरे कपडे, आवाज मऊ. अंगणात खुर्चीवर बसले, ठकुबाईच्या सुनेने, तनुजाने, दिलेला चहा घेतला, तिची चौकशी केली. विक्की मागं उभा राहिला, आज चष्मा नव्हता.

"वाईट झालं, आक्का. पोरगा चांगला होता," उद्धवराव म्हणाले. "आता गेलेला काही परत येत नाही. मागं राहिलेल्यांनी एकमेकांना सांभाळायचं. पोलीस येतील, विचारतील. तुम्ही एवढंच सांगायचं, की आमच्या माणसांचं काम रस्त्याच्या कडेला चाललं होतं. झाड तुमचं खासगी. जळणाला फांद्या हव्या होत्या म्हणून तुम्ही त्याला परस्पर बोलावलंत."

"मी न्हाई बोलावलं."

"माहिती आहे मला. पण असं बघा, त्याच्या बायकोला आम्ही वाऱ्यावर सोडणार नाही. माणुसकीनं देऊच काहीतरी. केस झाली तर माझं लायसन्स जाईल, चाळीस घरांच्या चुली बंद होतील. तुमचा माऊली आहे, त्याचा टेंपो कंपनीत कुणाच्या शब्दावर चालतो?"

माऊली जमिनीकडे बघत होता. उद्धवरावांनी कप खाली ठेवला. आवाज तेवढाच मऊ ठेवून ते म्हणाले, "आणि खरं सांगायचं तर आक्का, तो वर का चढला? विक्की बुडातून कापत होता. कापू दिलं असतं तर तो वर गेला असता का? हेही पोलीस विचारतीलच की."

ते गेल्यावर ठकुबाई चुलीपुढे बसून राहिली. भाकरी तव्यावर करपली तरी तिला सुधरलं नाही. तो माणूस विष कालवून गेला होता, पण त्यात खोटं काही नव्हतं. ती हटून बसली नसती तर झाड गेलं असतं. माणूस राहिला असता.

"आई, सांगून टाक ते म्हणत्यात तसं," माऊली म्हणाला. "आपल्याला कोण फासावर देतंय? टेंपोचे हप्ते मी कुठनं भरू? तुला त्या माणसाचं नाव तरी म्हाईत व्हतं का काल सकाळी?"

"गणराज," ठकुबाई म्हणाली. "सांगितलं त्यानं."

पंचनाम्याला हवालदार आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक बाई होती. पंचविशीची, कँटीनच्या कामाच्या निळ्या साडीतच होती, कुणाची तरी शाल अंगावर घेतलेली. ती वर्षाली. मयत गावी न्यायची गाडी दुपारी निघणार होती, आणि त्याआधी जागा बघायची म्हणून ती हट्टाने आली होती. ती झाडाखाली उभी राहिली, वर पाहिलं, मग बुंध्याशी जोडून ठेवलेल्या चपला पाहिल्या. खाली बसून तिने त्या पदरात घेतल्या.

ठकुबाई जवळ गेली. 

"तुम्ही होता का हितं?" वर्षालीने विचारलं.

"व्हय."

"काही बोलले का ते?"

"पानी मागितलं. प्याला पोटभर. तुझं नाव घेतलं, पोरीचं सांगितलं." ठकुबाई थांबली. एवढ्यावर थांबता आलं असतं. "बाई, त्यांना झाड बुडातनं तोडायचं व्हतं. मी तोडू दिलं न्हाई. फांद्या काढा म्हणले. म्हणून तो वर गेला."

वर्षाली तिच्याकडे बघत राहिली. डोळे कोरडे होते.

"झाडासाठी?" ती म्हणाली.

ठकुबाईने मान हलवली. वर्षालीने चपला उराशी घट्ट धरल्या आणि तोंड फिरवलं. ती ओरडली असती, अंगावर आली असती, तर ठकुबाईला सोसलं असतं.

हवालदारांनी वही उघडली. "बोला. याला झाडावर कुणी चढवलं?"

माऊली पुढं झाला. "साहेब, आईनं जळणासाठी बोलावला व्हता. ठेकेदाराचा काही..."

"खोटं हाय," ठकुबाई म्हणाली.

"आई!"

"गप बस. साहेब, ल्ह्या. ठेकेदाराच्या गाडीतनं आला तो, त्यांच्या दोरानं चढला. मी विचारलं लाइट बंद हाय का. ह्यो विक्की म्हणला बंद हाय. वरची चालू व्हती. आन् बुडातनं तोडू नका, फांद्या तोडा, हे मी म्हणले. ते बी ल्ह्या. दोन्ही ल्ह्या."

विक्की बांधावर उभा होता. तो फोन कानाला लावून गाडीकडे चालू लागला.

पुढच्याच आठवड्यात माऊलीच्या टेंपोला कंपनीच्या गेटवर आत सोडलं नाही. दुसरीकडे काम मिळेना, महिन्या-दोन महिन्यांत हप्ते थकले आणि टेंपो ओढून नेला. तनुजाने एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगचं काम धरलं. सकाळची शिफ्ट, वर ओव्हरटाइम. माऊली घरी बसला. आईने वाढलेलं ताट तो घेई, पण आईशी बोलत नसे. कधी ठकुबाईच विषय काढी, तर म्हणे, "तुला परक्याची बायको दिसली. तुझी सून दिसली न्हाई."  तनुजाच्या बोटांना पुठ्ठ्याने पडलेल्या चिरा तिला रोज दिसत होत्या.

वर्षालीच्या भावाने कामगार कोर्टात दावा लावला. तारखा पडत गेल्या. साक्षीला ठकुबाई पुण्याला गेली तेव्हा सोबत तनुजा आली, अर्ध्या दिवसाचा पगार सोडून. कोर्टाच्या व्हरांड्यात वर्षाली दिसली. वाळून गेली होती. तिने मान लववली, जवळ आली नाही.

ठेकेदाराच्या वकिलाने फार काही विचारलं नाही. "बुंधा नको, फांद्या तोडा, असं कोण म्हणालं?"

"मी म्हणले."

"तुम्ही हट्ट केला नसता तर आज तो जिवंत असता, खरं ना?"

ठकुबाईने कठडा धरला. समोर वर्षाली बसली होती, शेजारी तिचा भाऊ. "खरं हाय," ती म्हणाली. "पर तो कामाला माझ्याकडं न्हवता. कामाला त्यांच्याकडं व्हता. आन् तार बंद करनं माझ्या हातात न्हवतं."

वकील खाली बसले.

त्या दिवशी दोघी घरी पोचल्या तर बांध मोकळा होता. तिन्ही जांभळं बुडातून कापून नेलेली, भुसा मातीत पसरलेला. माऊली ओसरीवर बसून होता.

"आलते का?" तिने विचारलं.

"आलते."

"तू बघितलंस?"

"बघितलं." पुष्कळ दिवसांनी तो तिच्याशी बोलत होता. "काय करू? आडवा पडू? पुन्हा एखाद्याला चढवू वर?"

ठकुबाई पायरीवर बसली. तनुजाने आत जाऊन पाणी आणलं, आधी सासूला दिलं, मग नवऱ्याला.

निकाल लागला. गणराज ठेकेदाराचाच माणूस होता असं कोर्टाने धरलं, आणि बायको-मुलीला भरपाई द्यायला सांगितली. उद्धवराव वर अपिलात गेले. त्यांच्या गाड्या शिवारात फिरतच होत्या, फक्त गाड्यांवर आता त्यांच्या मेव्हण्याचं नाव होतं.

एका दुपारी तनुजाच्या फोनवर वर्षालीचा फोन आला. ठकुबाईने दोन्ही हातांनी फोन कानाशी धरला.

"थोडे पैसे कोर्टात जमा झाले," पलीकडून आवाज आला. "बाकीचं बघू म्हणाले. तुमच्या साक्षीनं झालं, वकील सांगायलेत. म्हणून केला फोन."

"पोरगी कशी हाय?"

"शाळेत घातली गंगाखेडला. आईकडंच असतो आम्ही."

"कवातरी ये गं. तिला घिऊन ये."

 

"नाही," वर्षाली म्हणाली. "तुम्ही खरं बोललात, ते मी इसरणार नाही. पण दुसरं बी इसरता येत नाही मला. नाही यायची मी तिकडं."

"बरं," ठकुबाई म्हणाली. "बरं, बाई." पुढं काही बोलायच्या आत फोन बंद झाला. तिने तो पुसून तनुजाच्या हातात दिला आणि खुरपं घेऊन उन्हात निघाली.