चार हात पुढची भुई

पडद्यावरच्या गुणमालाबाई तिसऱ्यांदा फळीवरून खाली पडल्या, तेव्हा पलंगावरच्या गुणमालाबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“ती मी हाय व्हय गं?”

दीपालीनं लॅपटॉप मिटायला हात नेला, पण उशीर झाला होता. नाकात चमकी, कमरेला खोचलेला पदर, बोलायच्या आधीच वर गेलेली भुवई. तासगावात कुणीही ओळखलं असतं.

पुण्याच्या एका कंपनीचं काम ती सासरच्या घरात बसून करायची. खेळ साधा होता. हवेत तरंगत्या फळ्या, त्यांवर दोघं झुंजतात, दुसऱ्याला खाली पाडेल तो जिंकला. गंमत अशी, की आपला गडी आपणच घडवायचा. चेहरा, कपडे, चाल, डाव, सगळं. ती घडवायची अवजारं दीपालीच्या हातची. चाचणीला कुणीतरी हवं होतं, आणि समोर अकरा आठवडे सासूबाई बसल्या होत्या.

मिरजेत गुडघा बदलून आणला, टाके सुकले, डॉक्टर म्हणाले, चाला. आणि बाई कुणाचा तरी हात धरून मोरीपर्यंत जात, त्यापुढं नाही. ऑपरेशनला त्या तयारच नव्हत्या. दीपालीनं महिनाभर गोड बोलून तयार केलं होतं. पण टोमण्यात गल्लीत पहिला नंबर असलेली ही बाई त्या एका बाबतीत अवाक्षर काढत नव्हती. दीपालीला तेच जास्त लागायचं.

“राग आला, आई?”

“राग कशाचा? पर ती लाथा कुणाला मारतीया?”

“लढाईचा खेळ आहे. मारावं लागतंच.”

“मी जल्मात मुंगी मारली न्हाई. काढ ते.”

“सगळे डाव काढले तर जिंकणार कशा?”

“सरकायचं बाजूला. त्योच पडतोय आपल्या जोरानं. तुझ्या सासऱ्यासंगं चाळीस वर्सं काय मी लाथा मारून काढली व्हय?”

हसू दाबत दीपालीनं लाथ काढली, गुद्दा काढला, सरकण्याचा वेग वाढवला. समोरचा पैलवान धावत आला आणि थेट फळीबाहेर गेला. गुणमालाबाईंना त्याचं काही विशेष वाटलं नाही. कपाळाची आठी तशीच होती.

“चाल चुकलीया. वर तोंड करून चालतीया बघ. खाली किडामुंगी असली तर?”

“हवेतली फळी आहे हो ती.”

“म्हणून काय झालं? मी चार हात भुई बघती, मग पाऊल टाकती. लहानपणापास्नं. मिरजेचं ते व्यायामाचं पोरगं रोज म्हणायचं, आजी, खाली बघू नका, समोर भिंतीकडं बघा. आता न बघता पाय टाकायचा म्हंजी…” त्या थांबल्या. “टाकवतच न्हाई गं.”

दीपालीची बोटं कळफलकावर तशीच राहिली. आई घाबरली, असा निकाल घरात सगळ्यांनी दिला होता. अतिशयनं, म्हणजे त्यांच्या पोटच्या पोरानं दिला होता, तिनंही दिला होता. विचारलं मात्र कुणीच नव्हतं.

“मग तुमची चाल मला कशी कळणार?” ती जपून म्हणाली. “फोनवर व्हिडिओ काढून घेतल्याशिवाय हिला शिकवता येत नाही.”

गुणमालाबाईंनी तिच्याकडं बघितलं. मग दाराकडं. पलंगाची कड धरून त्या उठल्या.

“धर फोन. आन खाली बघू नका म्हणायचं न्हाई.”

“खालीच बघा.”

चित्रात जायचं म्हणून त्यांनी पदर डोक्यावरून घेतला. नजर फरशीवर गेली, मग पाऊल. पुन्हा नजर, पुन्हा पाऊल. दीपालीचा मोकळा हात आपोआप पुढं गेला, तो तिनं मागं घेतला. टेबल मागं पडलं, कपाट मागं पडलं. दाराशी पोहोचून त्यांनी भिंतीला हात टेकला. कानशिलावरून घाम उतरत होता.

“आलं?”

दीपालीनं फोनमध्ये पाहिलं. पहिल्या पावलापासून शेवटपर्यंत सगळं स्वच्छ आलं होतं.

“हललं हो,” ती म्हणाली. “परत एकदा घ्यावं लागेल.”

गुणमालाबाईंनी घाम पुसता पुसता सुनेला नीट न्याहाळलं. सुनेनं मान फोनमधून वर काढली नाही.

“येवढा म्हागाचा फोन, आन हलतोय व्हय?” असं म्हणत त्यांनी पदर सारखा केला आणि पलंगाकडं न वळता दाराची कडी काढली. “चल भाईर. अंगणात उजेड बरा हाय.”