हात वर केलेली माणसं

छातीवर हात ठेवून सांगते, ओरडून सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटं असेल तर माझे उरलेसुरले दात आत्ता या चहाच्या कपात पडोत. हं, वाजलं का काही? नाही ना? मग ऐका.

मी तेव्हा नाटकांची नेपथ्यं करायचे. पडदा उघडला की जे घर, जो जिना, जी खिडकी दिसते ना, ती आधी माझ्या डोक्यात असायची. पण खरं घर उभं राहायच्या आधी ते पुठ्ठ्याचं करायचं, खोक्यात मावेल एवढं. आणि त्यात एक बोटभर पुठ्ठ्याचा माणूस उभा करायचा. मापाचा माणूस. त्याचा एक हात कायम वर. का? तर खिडकीच्या कडीला नटाचा हात पोचतो की नाही ते कळावं म्हणून. नाहीतर ऐन प्रवेशात नायक उड्या मारतोय आणि खिडकी काही उघडत नाही! खोकी मोडतात, पण ज्याचा त्याचा माणूस तोच, पुढच्या खोक्यात जातो. त्याला डोळे मात्र कुणी काढत नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

माझी नणंद वेषभूषा करायची. आमच्या जेवायच्या टेबलावर एका टोकाला माझा डिंक, दुसऱ्या टोकाला तिच्या टाचण्या, आणि जेवण आपापल्या मांडीवर. दोघी कुठल्याच थिएटरच्या नोकरीत नव्हतो. आज या दारी, उद्या त्या दारी. थिएटरवाले आम्हाला गोड आवाजात 'पाहुणे' म्हणायचे. पाहुण्याला मान मोठा हो, पण पाहुणा घरात पडला तर घरवाले म्हणतात, नीट बघून चालायला काय झालं होतं?

तेच झालं. रंगमंचाच्या फळ्यांत एक झाकण असतं, खालून भूतबीत वर यायला. तालमीच्या दिवशी ते कुणीतरी उघडं टाकलं. नणंद तोंडात टाचण्या धरून, राणीच्या झग्याची उंची बघत मागे मागे सरकली आणि गडप! मांडीचं हाड मोडलं. मी म्हटलं, "एकही टाचणी गिळली नाहीस, कमाल आहे तुझी." तर म्हणते कशी, "वहिनी, गिळली असती तर तूच त्यावरही गोष्ट रचली असतीस."

ती कुबड्यांवर चालायला लागली तशी थिएटरने चौकशी लावली. मॅनेजर म्हणाला, "पाहुण्या बाई न विचारता रंगमंचावर चढल्या, झाकणही त्यांनीच उघडलं असेल." एकदा हा ठपका बसला, की गावातलं एकही थिएटर तिला दाराशी उभं करणार नव्हतं. आणि त्या बाईला टाचण्यांशिवाय दुसरं जग नव्हतं. कर्मचाऱ्याच्या बाजूने चौकशीत संघटनेचा माणूस बोलतो. पाहुण्याच्या बाजूने कोण बोलणार? भिंत?

मी संघटनेच्या अध्यक्षांकडे गेले. ते दिव्यांचं काम बघायचे, खिशात सदा फ्यूजची तार, म्हणून सगळे त्यांना फ्यूजमामा म्हणत. ते म्हणाले, "मला बोलायचंय हो बाई. पण तुम्ही सभासद नाही. सभेला या, तुमच्या लोकांनी अर्धा हॉल भरा, सगळ्यांदेखत हात वर करा. तेवढं झालं की तुम्ही आत, आणि चौकशीत मी तुमच्या नणंदेच्या शेजारी."

अर्धा हॉल! अहो, एका नाटकाला एक नेपथ्यकार. आम्ही एकमेकांची तोंडंसुद्धा ओळखत नव्हतो. तरी दारोदार फिरले. सगळ्यांनी हात वर केले. म्हणजे त्या सभेत नव्हे, आपापल्या दारातच! "त्या दिवशी माझ्या नाटकाचा पहिला प्रयोग आहे." "मॅनेजरने बघितलं तर पुढचं काम जाईल." एक म्हातारे नेपथ्यकार तेवढे ओशाळले. म्हणाले, "मला नाही जमायचं बाई. पण मी माझा माणूस पाठवतो." आणि खोक्यातून आपला मापाचा माणूस काढून माझ्या तळहातावर ठेवला.

थट्टाच ती. पण मी पुढच्या दारी ती सांगितली, तर त्यांनीही आपला दिला. मग त्याच्या पुढच्यानेही. माझी पर्स पुठ्ठ्याच्या माणसांनी फुगली.

सभा दुपारची, थिएटरच्या माडीवरच्या तालमीच्या हॉलमध्ये. पुढे कर्मचारी बसलेले, मागच्या खुर्च्या रिकाम्या. मला इतकी लाज वाटली, की मी एकेका खुर्चीवर एकेक बोटभर माणूस उभा केला आणि नणंदेला वर आणायला खाली गेले. जिन्यात ती म्हणाली, "वहिनी, वर डिंकाचा वास का येतोय?"

दार ढकललं. मागच्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या.

पुरी माणसं, पोरांनो. माझ्याहून उंच. समोरून बघितलं तर माणूस, आणि बाजूने बघितलं तर नुसती एक रेघ. डोळ्यांच्या जागी कोरा पुठ्ठा. खोकणं नाही, कुजबुज नाही, चपलेचा आवाज नाही. फ्यूजमामांनी पंखा लावला, तशी सगळी रांग एका अंगाला कलली आणि हळूच पुन्हा सरळ झाली. पुढचे कर्मचारी काही मागे वळले नाहीत. मानेवरचे केस उभे राहिले की माणूस वळत नाही.

फ्यूजमामा उजेडाचे माणूस. ते माझ्या कानाशी आले. "बाई, तुमची मंडळी... बाजूने दिसत का नाहीत?"

"उपास करतात," मी म्हटलं. "घ्या ना ठराव."

ते पुढे जाऊन उभे राहिले. "पाहुण्यांना सभासद करावं, ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर."

हात वरच होते. ठराव मंजूर. नणंदेने माझा दंड इतका दाबला की वळ उठला.

तेवढ्यात पुढून सुतारांचा मुकादम उभा राहिला. झाकणाची जबाबदारी त्याची. तो मागे न बघताच म्हणाला, "झाल्या ना सभासद? मग माझाही ठराव घ्या. चौकशीत संघटनेने सांगावं, की झाकण बाईंनीच उघडं टाकलं. हात वर."

हात वरच होते!

ज्याला हात खाली घेता येत नाही तो सगळ्यालाच हो म्हणणार, हे माझ्या टाळक्यात कसं नाही आलं? नणंद पांढरीफटक. ती कुबडी टेकत मागच्या रांगांकडे वळली आणि शिंप्यासमोर उभ्या राहिलेल्या नटाला सांगावं तशा आवाजात म्हणाली, "झालं माप. हात खाली घ्या आता."

मी धावले आणि पंख्याचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. सरसर सरसर करत सगळी रांग पालथी पडली. खुर्च्यांखाली बघते तर नुसती बोटभर माणसं.

"आडव्याचा हात वर धरत नाहीत," फ्यूजमामा कापऱ्या आवाजात म्हणाले. "ठराव चारी मुंड्या चीत."

चौकशीला ते नणंदेच्या शेजारी बसले, तिच्या बाजूने फडाफडा बोलले. पण त्यांना फार बोलावंच लागलं नाही. मुकादम सारखा तिच्या खांद्यावरून मागच्या रिकाम्या बाकाकडे बघत होता. शेवटी आपणहून म्हणाला, "मी टाकलं उघडं. त्यांना सांगा, जायला सांगा." मॅनेजरने मागे बघितलं. तिथे कुणीच नव्हतं. निदान तो बसला होता त्या बाजूने तरी.

नणंद पुढे म्हातारी होईस्तोवर टाचण्या तोंडात धरून फिरली.

मी सगळ्यांची माणसं परत करायला गेले. म्हातारे नेपथ्यकार माझ्यावर खेकसले, "हे काय करून आणलंत? आता मी खिडकीची उंची कशी मोजू?" बघते तर हात खाली, अंगाला चिकटलेला. सगळ्यांचाच. कुठे घडी नाही, कात्रीची खूण नाही.

आता झोपा. काय? सगळं खरं का? खरंच सगळं... बरं, एक गोष्ट मी पदरची घातली. तो पंखा. त्या हॉलला पंखा नव्हताच कधी. तुम्हाला झोप लागावी म्हणून घातला.