बाईने डोळे मिटायचे

मी रेल्वेत चौतीस वर्षं इंजिन चालवलं. अधूनमधून डोळ्यांची तपासणी व्हायची आणि नापास झालेल्याला गाडीवरून उतरवून ऑफिसात बसवायचे. त्या तपासणीला मी मनातल्या मनात शिव्या घालायचो. टँगोला तशी तपासणी नाही, म्हणून मी निर्लज्जासारखा अजून नाचतो आहे.

भनपुरीच्या एका कारखान्यात मशीन बसवायला अर्जेंटिनाचा इंजिनियर आला होता. त्याने आम्हा आठ-दहा जणांना हा नाच शिकवला, त्याला तेवीस वर्षं झाली. नातेवाईक हसले, "भैय्यालाल म्हातारपणी बायकोला कवटाळून फिरतो." फिरतो तर फिरतो! दर रविवारी संध्याकाळी तेलीबांध्याच्या हॉलमध्ये सरला माझ्या छातीशी कपाळ टेकवते आणि उलट्या पावलांनी चालते. आमच्यात रीतच आहे, बाईने डोळे मिटायचे आणि रस्ता पुरुषाने बघायचा.

आणि मला काचबिंदू. उजवीकडचं दिसणं जवळपास गेलंय. डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितलं, मी सरलाला सांगितलं नाही. सांगितलं तर नाच सुटेल, आणि दुसरं मला येतं तरी काय? पण तिची हाडं ठिसूळ झालीत. माझ्या हातून पडली तर?

परवा नाचता नाचता ती अचानक थांबली. मी रेटलं, ती हलेना. मी मान उजवीकडे वळवून पाहिलं तर खांब, तिच्या डोक्यापासून वीतभर.

"तुले कसं कळलं?"

"डोळे उघडेच आहेत माझे. दिवाळीपासून."

"काहून?"

"चहाचा कप टेबलाच्या बाहेर सोडला ना तुम्ही, तवापासून मान तिरपी करून मीच पाहून राहिले."

"मग बोलली काहून नाही?"

"बोलले असते तर तुम्ही घरी बसले असते. मले नाचायचं होतं."

मला रडूच आलं. तेवढ्यात पुढचं गाणं लागलं. ते मोनालीसोबत ठरलं होतं. ही आमच्यातली नवी पोट्टी, शिकायला लागून चार महिने झालेली. ती आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि शिकवल्याप्रमाणे डोळे मिटून उभी राहिली. सरला खुर्चीवर जाऊन बसली होती. ती माझ्याकडे बघत होती. माझा पाय उचलेना.

"बेटा, डोळे उघड," मी म्हणालो. "मले दिसत नाही."