ओट्यावरची राख

मंजुषाताईंनी चुलीतली गार राख चाळणीत घेतली आणि टायगरची साखळी पोचेल तिथपर्यंत ओट्यावर हलक्या हाताने चाळून पसरली. मागे मागे सरकत त्या पायरीपर्यंत आल्या. शहाबादी फरशीवर राखेचा पातळ, सारखा थर बसला. पोत्यावर पडलेल्या टायगरने मान उचलून पाहिलं. उठला मात्र नाही.

फाटकाची कडी वाजली. हिरी जामसरहून जीपने येई, धुणीभांडी करी आणि ताई शाळेतून परतेपर्यंत घर सांभाळी. जव्हारात बिऱ्हाड केल्यापासून चार वर्षं तीच होती.

"आज ओटा झाडू नकोस," ताई म्हणाल्या. "मुंग्यांसाठी राख टाकलीय."

हिरीने वाकून पाहिलं. "मुंग्या तं दिसत नाय, बाई."

"रात्री होत्या."

मुंग्या नव्हत्या. ताईंनी देवघरात जाऊन दत्ताच्या तसबिरीपुढे हात जोडले आणि एवढ्या खोट्याची मनातल्या मनात क्षमा मागितली. मग तीन भाकऱ्या गरम दुधात कुस्करल्या, वर तुपाची धार सोडली, पातेल्याभोवती पाणी फिरवलं. दत्तगुरूंच्या पायाशी बसणारं जनावर दारी आलं, तर आपण जेवायच्या आधी त्याच्या तोंडी घास पडावा, हा नेम त्यांनी टायगर आला त्या दिवशीच धरला होता. नाशिकच्या भावाने गणपतीच्या सुट्टीत आणलं तेव्हा ते अल्सेशियनचं पिल्लू दोन महिन्यांचं होतं. आता सात महिन्यांचं झालं होतं.

"निवलं की ठेव त्याच्यापुढे," असं सांगून त्यांनी पातेलं हिरीच्या हाती दिलं आणि चपला घातल्या.

फाटकाशी त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. हिरी पातेल्यावर फुंकर घालत होती. टायगर शेपूट आपटत होता. पूर्वी हे पाहून त्यांना बरं वाटे. आता वाटत होतं, मारणाऱ्यापुढेही कुत्रं शेपूट हलवतं, भीतीने.

तीन आठवड्यांपासून टायगरचं काहीतरी बिनसलं होतं. उठताना पुढचं अंग आधी उचलायचा आणि मागचं ओढून आणल्यासारखं मागाहून यायचं. ओट्याच्या तीन पायऱ्या चढेना. परवा ताईंनी कमरेवरून हात फिरवला तर केकाटून हातावर दात ठेवले. चावला नाही, पण ठेवले. दिवसा घरात हिरीशिवाय माणूस नव्हतं. उमेश, त्यांचे यजमान, मोखाड्याला पंचायत समितीत कारकून. सकाळच्या एसटीने जात ते दिवेलागणीला परतत. साडेदहा ते पाच टायगर आणि हिरी, दोघंच.

"तू मास्तरीण कशाला झालीस? फौजदार व्हायचं," ताईंचा संशय ऐकून उमेश हसून म्हणाले होते. ताई हसल्या नव्हत्या. त्यांनी नवस बोलला होता. परसातल्या औदुंबराला टायगरसह रोज एक्कावन्न प्रदक्षिणा, एक्केचाळीस दिवस. आज एकोणिसावा होता. तिसाव्या फेरीच्या सुमारास टायगर फरसबंदीवर बसकण मारी. मग ताई जप न थांबवता साखळीला हलका हिसका देत. तो उठे.

पाच वाजता त्या परतल्या, तेव्हा हिरी परसात कपडे काढत होती. ताई पायरीवरच थांबल्या.

राखेत सगळं उमटलं होतं. हिरीची अनवाणी पावलं पोत्यापर्यंत गेली होती. तिथे ती उकिडवी बसली असावी. टाचा उमटल्या नव्हत्या, चवडे खोल होते. पातेल्याचा मोठा गोल होता. आणि त्याच्याशेजारी एक लहान गोल, वाटीपेक्षा मोठा, पातेल्यापेक्षा लहान. डब्याच्या बुडाचा.

ताईंनी वाकून तो गोल पाहिला. डबा कसला? काय आणत होती ही? कोणी भगताने मंतरून दिलेलं काही? कुत्र्याला? की घराला?

"हिरी."

कपड्यांचा भारा खांद्यावर टाकून हिरी आली. ताईंनी आवाज चढवला नाही. त्या कधीच चढवत नसत.

"टायगरला तू मारतेस का गं?"

हिरी त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिची नजर ओट्यावर गेली, राखेवरून फिरली, आपल्याच पावलांवर थांबली.

"मुंग्या नव्हत्या तं," ती म्हणाली.

"मी विचारलं ते सांग."

"मुक्या जनावराला मी कसाला मारीन?" तिने कपडे खाली ठेवले आणि पायरीशी उकिडवी बसून बोट दाखवलं. "इकडं बघा. पुढचे पाय एकामागं एक पडलेत. मागचे बघा. जोडीनं. दोन्ही एकदम. सशावानी."

ताईंनी पाहिलं. खरंच, मागची पावलं जोडीजोडीने उमटली होती.

"ससा तसाच चालतो, त्याचं ठीक हाय. कुत्र्याचं असं नाय पडत. मार खाल्लेलं कुत्रं तीन पायांवर चालतं, एक उचलून धरतं. ह्याचं दोन्हीकडं हाय. आतून हाय."

किती पटकन उत्तर तयार आहे, ताईंना वाटलं. जणू विचारतील हे ठाऊक होतं. त्यांनी लहान गोलाकडे बोट केलं.

"आणि हे काय?"

हिरीने एकदा त्या गोलाकडे पाहिलं. ती उठली, कपडे उचलून आत ठेवून आली, पदर खोचला.

"दोन दिवस येऊ नकोस," ताई म्हणाल्या. "मी निरोप पाठवीन."

"निरोप नाय आला तं?"

ताईंनी राखेकडे पाहिलं. हिरी खाली उतरली. टायगर साखळी ताणून तिच्यामागे चार पावलं गेला, ससा जातो तसा, आणि बसला.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. दुपारी उमेश रजा टाकून आले आणि दोघांनी टायगरला गुरांच्या दवाखान्यात नेलं. बाहेर बैल बांधलेले होते. डॉक्टर मध्यमवयीन, कमी बोलणारे. त्यांनी टायगरला कुशीवर निजवलं, उमेशना तोंड धरायला सांगितलं आणि मागचा पाय मांडीशी धरून हळूच बाहेरच्या बाजूला फिरवला. टायगर कण्हला. डॉक्टरांनी ताईंचा हात घेऊन खुब्यावर ठेवला आणि पाय पुन्हा फिरवला. बोटांखाली काहीतरी खट्कन सरकलं.

"मार आहे का?" ताईंनी विचारलं.

"मार? नाही. खुब्याची वाटी उथळ असावी. मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात घट्ट बसत नाही. मोठ्या जातीच्या पिल्लांत असतं हे, अंग वाढायला लागलं की दिसतं. नक्की सांगायचं तर हाडाचा फोटो काढावा लागेल, त्याला नाशिक नाहीतर मुंबई गाठा. तोवर पायऱ्या नकोत, उड्या नकोत, गुळगुळीत फरशीवर पोती अंथरा. मातीवर थोडं थोडं चालवा. दुखण्याच्या गोळ्या मी देतो तेवढ्याच, माणसांच्या नाहीत. आणि वजन वाढू द्यायचं नाही. खायला काय देता?"

ताईंनी सांगितलं. तीन भाकऱ्या, अर्धा लिटर दूध, तूप, रात्री पुन्हा भात. बाजारातली कॅल्शियमची पावडर.

"पावडर बंद." डॉक्टरांनी देवराम शिपायाला पोती तोलायचा काटा आणायला लावलं. टायगरला झोळीत उचलून अडकवलं. डॉक्टरांनी काटा दोनदा पाहिला.

"तुम्ही म्हणता तेवढं हा खात नाही, बाई."

"रोज पातेलं चाटून पुसून लख्ख असतं."

"असेल. पण ह्याच्या पोटात जात नाही. गेलं असतं तर आज हा इथे चालत आला नसता, उचलून आणावा लागला असता." ते गोळ्या कागदात बांधू लागले. "कोणीतरी वाटेकरी आहे. असेल तर त्याचे उपकार माना."

उमेश हसले. ताईंनी पुडी घेतली, दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"डॉक्टर, प्रदक्षिणा चालतील का? औदुंबराला. रोज एक्कावन्न."

"कोणी घालायच्या?"

"आम्ही दोघं."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "किती दिवस चाललंय?"

"आजचा विसावा."

"तुम्ही घाला," ते म्हणाले. "ह्याला बसू द्या. देव बसलेल्याचंही घेतो."

त्या संध्याकाळी ताईंनी औदुंबराखाली पोतं टाकून टायगरला बसवलं आणि एकट्याच फिरल्या. तिसाव्या फेरीला पाय आपोआप अडखळले. हाताला हिसक्याची सवय झाली होती. रिकामा हात त्यांनी पदरात गुंडाळला.

रविवारी जामसरच्या जीपवाल्या मुकेशबरोबर निरोप गेला. सोमवारी हिरी आली नाही. मंगळवारी आली.

"डॉक्टर म्हणाले, मार नाही," ताई म्हणाल्या.

"मी पण तेच बोलले."

ताई आत गेल्या. भाकऱ्या कुस्करल्या, पाणी फिरवलं, हात जोडले. मग पातेल्यातलं निम्मं एका कडीच्या डब्यात काढलं आणि झाकण लावून हिरीपुढे ठेवलं.

"हे कुणाला?"

"रोज जातं त्यालाच."

हिरीने डब्याला हात लावला नाही. ती झाकणाकडे पाहत होती.

"माझी सासू," शेवटी ती म्हणाली. "धोंडीबाई. दात नाय तिला. नागलीची भाकर चावत नाय." आणि मग, वेगळ्या आवाजात, "पण कुत्र्यासाठीच काढायची मी, बाई. मागनं जड व्हायला लागला व्हता."

ताईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. यातलं आधी कोणतं आणि मागून सुचलेलं कोणतं, ते तिथे दिसतं का, हे शोधत राहिल्या. हिरीही त्यांच्याकडे तसंच पाहत होती.

"दूध निवलंय," ताई म्हणाल्या. "वाटेत सांडेल. झाकण घट्ट लाव."

माघ सरला. नवस फिटला. टायगरला लहान चण राहिली. तो उठतो अजून हळूच, पण पोत्यांच्या पट्टीवरून मागचे पाय एकामागून एक टाकत फाटकापर्यंत जातो. हिरी साडेनऊच्या जीपने येते, संध्याकाळी डबा घेऊन जाते. डब्याबद्दल कोणी बोलत नाही.

फक्त ओट्यावर चढताना, पहिल्या पायरीशी, ती रोज थांबते. खाली पाहते, मग पाऊल ठेवते. राख ताईंनी टाकली त्याच रात्री धुऊन काढली होती. दोनदा.